गच्चीवरून गुरूचं वजन

एक वही, एक पेन्सिल, लहानशी दुर्बीण आणि महिनाभर रात्री जेवणं आटोपली की गच्चीवर जायची तयारी. एवढ्या भांडवलावर गुरू हा ग्रह पृथ्वीच्या किती पट जड आहे ते काढता येतं. माझं पहिल्या वर्षीचं उत्तर आलं २०३. पुस्तकातला आकडा आहे ३१८. म्हणजे शंभराहून जास्त पृथ्व्या मी कुठेतरी सांडल्या होत्या. कुठे सांडल्या ते पुढे सांगतोच.

गुरू तराजूत घालता येत नाही, हे उघड आहे. पण त्याच्याभोवती चार ठळक चंद्र फिरतात, आणि फिरणारा किती अंतरावरून किती वेळात फेरी मारतो हे कळलं की मधे बसलेला किती जोरात ओढतोय ते कळतं. ग्रह, चंद्र, धूमकेतू आपापल्या कक्षेत का राहतात हा प्रश्न मला पुस्तकं वाचून अर्धाच समजला होता. उरलेला अर्धा त्या वहीने समजावला, म्हणून तुम्हालाही त्याच वाटेने नेतो. गणित येईल, पण गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जाणार नाही. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरे.

पहिली पायरी : पडणं समजून घ्या

ज्वारीची राखण करताना वापरतात ती गोफण आठवा. दगड डोक्याभोवती गरगर फिरतो तो दोरीच्या ओढीने. दोरीचं एक टोक सोडलं की दगड त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सरळ सुटतो. ओढ संपली की वळणं संपलं. ग्रहांच्या बाबतीत दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं, इथवर उदाहरण चांगलं आहे.

पुढे मात्र ते फसवतं. गोफण फिरवताना हाताला बाहेरच्या बाजूला ताण जाणवतो, आणि त्यावरून वर्गावर्गांत एक वाक्य सांगितलं जातं: आत ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि बाहेर ढकलणारं अपकेंद्री बल सारखं झालं, म्हणून चंद्र कक्षेत राहतो. हे वाक्य आत्ताच खोडून टाका. दोन्ही बलांनी एकमेकांना खरंच काट मारली असती, तर चंद्रावर काहीच बल उरलं नसतं आणि तो नाकासमोर सरळ निघून गेला असता. (फिरत्या पाळण्यात बसून हिशेब करणाऱ्यांना ते दुसरं बल मानावं लागतं. आपण गच्चीवर उभे आहोत, आपल्याला गरज नाही.) चंद्राला धरून ठेवणारी ओढ एकच आहे, आतल्या दिशेची. आणि तिच्यामुळे चंद्र चक्क पडतो आहे. सतत.

मग तो आपटत का नाही? हातातून सुटलेला चेंडू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतो. तो आडवा कितीही जोरात फेकला तरी हे ४.९ मीटर बदलत नाहीत, फक्त पडेपर्यंत तो लांब जातो. आता पृथ्वी गोल आहे. तुम्ही ७.९ किलोमीटर सरळ पुढे गेलात, तर तेवढ्या अंतरात जमीन तुमच्या सरळ रेषेखाली नेमकी ४.९ मीटर वाकलेली असते. म्हणजे चेंडू सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवा फेकला, तर तो पडेल तेवढीच जमीनही खाली सरकेल. तो पडत राहील आणि जमीन काही हाताला लागणार नाही. न्यूटनने उंच डोंगरावरच्या तोफेचं उदाहरण देऊन सांगितलं ते हेच. प्रत्यक्षात हवेमुळे असा चेंडू जळून जाईल, म्हणून उपग्रह हवेच्या वर न्यावे लागतात.

इथेच दुसरा गैरसमजही उरकून घेऊ. सुमारे ४०० किलोमीटरवरून फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात माणसं तरंगताना दिसतात, म्हणून तिथे गुरुत्वाकर्षण नाही असं म्हणतात. त्या उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ८८ टक्के शिल्लक असतं. स्थानक पडतंय, आतली माणसंही त्याच वेगाने पडताहेत. लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या माणसाला जे वाटेल, तेच त्यांना सहा-सहा महिने वाटत असतं.

दुसरी पायरी : चंद्र सेकंदाला किती पडतो ते मोजा

हा हिशेब न्यूटनने केला होता. तुम्हीही करा, कारण पुढची सगळी इमारत याच्यावर उभी आहे.

पृथ्वीच्या केंद्रापासून आपण सुमारे ६,३७१ किलोमीटरवर आहोत. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ ६० पट लांब. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं. अंतर ६० पट तर ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पटीने कमी. आपल्याकडे वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, तर चंद्राच्या अंतरावर ती ४.९ भागिले ३,६०० मीटर पडायला हवी. उत्तर १.३६ मिलिमीटर.

हा झाला नियमाचा अंदाज. आता प्रत्यक्ष चंद्राला विचारू. त्याच्या कक्षेचा परीघ सुमारे २४ लाख १५ हजार किलोमीटर. एक फेरी २७.३२ दिवसांची, सेकंदांत सांगायचं तर सुमारे २३ लाख ६० हजार. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला १.०२ किलोमीटर. सरळ रेषेपासून तो सेकंदाला किती आत वळतो हे काढायला वेगाचा वर्ग घ्या आणि त्याला अंतराच्या दुपटीने भागा. पुन्हा १.३६ मिलिमीटर!

एक रुपयाचं नाणं आडवं ठेवलं तर त्याची जाडी साधारण एवढीच भरते. दर सेकंदाला चंद्र एक किलोमीटर पुढे सरकतो आणि नाण्याच्या जाडीएवढा आपल्याकडे पडतो. अख्खी कक्षा या एवढ्याशा पडण्यातून तयार होते. झाडावरून पडणारा आंबा आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाचे आहेत, याचा हा पुरावा तीन ओळींत मावतो. मला तरी भौतिकशास्त्रात याहून देखणा हिशेब माहीत नाही.

तिसरी पायरी : साहित्य

गुरूचे चंद्र बघायला ७ × ५० किंवा १० × ५० ची (म्हणजे ७ किंवा १० पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) साधी द्विनेत्री दुर्बीण चालते. अट एकच, ती हलता कामा नये. हातात धरली तर ठिपके नाचतात. ट्रायपॉड नसेल तर कोपरं पाण्याच्या टाकीवर किंवा कठड्यावर टेकवा. चंद्र आहेत एवढं बघायला हे पुरेल, पण अंतर मोजायचं तर गुरूची तबकडी स्पष्ट दिसायला हवी. त्यासाठी ६०-७० मिलिमीटर भिंगाची छोटी दुर्बीण घ्या. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे गुरू रात्रभर दिसतो त्या दिवसांत, ४० पट वर्धनाने गुरू साधारण तेवढा मोठा दिसतो, जेवढा पौर्णिमेचा चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसतो. खोक्यावर ‘५२५ पट’ वगैरे छापलेल्या दुर्बिणीच्या नादाला लागू नका. एवढ्या भिंगाला शंभर पटीच्या वर फारसं झेपत नाही, आणि स्टँड डुगडुगत असेल तर पन्नास पटसुद्धा कटकटीचं होतं. खरेदीची घाई असेल तर आधी कुणाच्या तरी दुर्बिणीला डोळा लावून या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. अशा ठिकाणी एक रात्र काढली की कुठली दुर्बीण घ्यायची नाही, हे तरी नक्की कळतं.

काळोखासाठी गाव सोडायची गरज नाही. गुरू शहराच्या गच्चीवरूनही झकास दिसतो. तो ओळखायचा असा: चंद्र आणि शुक्र सोडले तर रात्रीच्या आकाशात सहसा सगळ्यांत तेजस्वी तोच, आणि तो लुकलुकत नाही. शुक्राशी गल्लत झाली तर मध्यरात्रीपर्यंत थांबा. मध्यरात्री डोक्यावर आलेला शुक्र कधी दिसत नाही, गुरू दिसतो. दर १३ महिन्यांनी तो प्रतियुतीत येतो, म्हणजे सूर्य मावळताना बरोबर पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. १० जानेवारी २०२६ ला अशी प्रतियुती झाली, पुढची फेब्रुवारी २०२७ मध्ये. पावसाळ्याचे ढग टाळून हिवाळ्यातली प्रतियुती मिळणं हे आपल्याकडच्या निरीक्षकाचं नशीब. पुढची काही वर्षं प्रत्येक प्रतियुती महिन्याभराने पुढे सरकत उन्हाळ्यात आणि मग पावसाळ्यात शिरणार आहे, तेव्हा ही संधी दवडू नका.

चौथी पायरी : वही

याच पायरीवर बहुतेक जण गळतात, म्हणून नीट सांगतो.

रेघांची लांब वही घ्या. पानाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारा. ती गुरूची जागा. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक रात्र. अर्धा सेंटिमीटर म्हणजे गुरूचा एक व्यास असं माप धरा. सगळ्यांत लांब जाणारा चंद्र तेरा व्यासांपर्यंत जातो, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा सेंटिमीटर लागतील. पानात आरामात बसतं.

दुर्बीण उलटं दाखवते, कुठली डावं-उजवं बदलते. त्यात अडकू नका. दुर्बीण गुरूवर लावा आणि हात काढून घ्या. पृथ्वी फिरते म्हणून गुरू हळूहळू सरकत दृश्याबाहेर जाईल. तो ज्या कडेने बाहेर पडतो ती पश्चिम. पानावर ‘प’ लिहून टाका. मग चंद्र किती व्यास लांब आहेत याचा डोळ्यांनी अंदाज घ्या आणि ठिपके मांडा. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. माझ्या पहिल्या वहीत आठ रात्रींना वेळच नाही आणि त्या आठ रात्री फुकट गेल्या आहेत. शक्यतो रोज एकाच वेळी बघा. मी नऊ ठरवली होती, कारण नऊला समोरच्या इमारतीच्या जिन्याचा दिवा बंद होतो.

आता ठिपके कुणाचे? चार चंद्रांची नावं आतून बाहेर: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. आयो गुरूपासून तीन व्यासांच्या पलीकडे जातच नाही, युरोपा पाचाच्या आत राहतो, गॅनिमीड साडेसातपर्यंत, कॅलिस्टो तेरापर्यंत. म्हणजे पाच व्यासांच्या बाहेर दिसणारा ठिपका गॅनिमीड किंवा कॅलिस्टो. दोघांतला जास्त तेजस्वी तो गॅनिमीड. स्टेलॅरियमसारखं मोफत अॅप नावांसकट सगळं दाखवतं, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा, पडताळणीपुरतं. उत्तरपत्रिका आधी पाहिली की कोडं सोडवायची मजा जाते.

गॅलिलिओचीही सुरुवात अशीच झाली. ७ जानेवारी १६१० ला त्याला गुरूशेजारी तीन ‘तारे’ दिसले, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. त्याला आधी वाटलं गुरूच सरकला असेल. १३ तारखेला चौथा सापडला, आणि तोवर त्याच्या लक्षात आलं होतं की हे गुरूला सोडून जात नाहीत, त्याच्याभोवती घुटमळतात. पृथ्वी सोडून दुसऱ्याभोवतीही काही फिरतं, हे माणसाला पहिल्यांदा अशा ठिपक्यांतून दिसलं.

गॅनिमीड नवख्यांचा लाडका, कारण त्याची फेरी जवळजवळ आठवड्याची आहे. समजा एका रविवारी तो पश्चिमेला साडेसात व्यासांवर, अगदी टोकाला आहे. सोमवारी तो पावणेपाचवर येतो. मंगळवारी गुरूच्या पलीकडून निघून पूर्वेला दीड व्यासावर. बुधवारी पूर्वेला साडेसहा, गुरुवारी सात, शुक्रवारी परतीच्या वाटेवर अडीच, शनिवारी पुन्हा पश्चिमेला चार. आणि रविवारी जवळपास मूळ जागी. कडेला तो रेंगाळतो, मधून जाताना धावतो, कारण आपण त्याची गोल कक्षा कडेने बघतो आहोत. असे तीन आठवडे झाले की वही जरा लांब धरून बघा. ठिपक्यांतून एक नागमोडी रेघ पानावरून खाली उतरत गेलेली दिसेल. ती रेघ बघितली त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. त्यांना ठिपके दिसले.

पाचवी पायरी : फेरीचा वेळ

एका टोकापासून पुन्हा त्याच टोकापर्यंत किती दिवस, एवढंच मोजायचं. पण गॅनिमीड टोकाला नेमका कधी पोचला हे ओळखणं कठीण, कारण तिथे तो रेंगाळतो. चूक सहज अर्ध्या दिवसाची होते. उपाय सोपा: एक फेरी मोजू नका, पाच मोजा. माझ्या वहीत पाच फेऱ्यांना ३६ दिवस आले, म्हणजे फेरीला ७.२ दिवस. अर्ध्या दिवसाची चूक पाचांत वाटली गेली आणि फेरीमागे दोन-अडीच तास उरली. खरा आकडा ७.१५५ दिवस. गच्चीवरच्या वहीला हे छानच आहे.

हौस वाढली की आयोची ग्रहणंही बघता येतात. तो गुरूच्या सावलीत शिरतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत विझल्यासारखा दिसेनासा होतो. याच ग्रहणांच्या वेळा वर्षात मागे-पुढे होतात हे पाहून ओले रोमर या डॅनिश माणसाने १६७६ मध्ये दाखवून दिलं की प्रकाशालाही यायला वेळ लागतो. तो वेगळाच विषय, इथे आवरतो.

सहावी पायरी : अंतर आणि माझी चूक

एक गोष्ट उसनी घ्यावी लागते: गुरूचा व्यास, सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. गॅनिमीड जास्तीत जास्त किती व्यास लांब जातो ते वहीतून घ्या आणि गुणा.

मी पहिल्या वर्षी साडेसहा व्यास मांडले होते. खरे साडेसात. इथेच माझ्या पृथ्व्या सांडल्या. काळ्याकुट्ट आकाशात गुरू डोळ्यांत भरतो, त्याचं तेज कडेने सांडतं आणि तबकडी असते त्याहून मोठी वाटते. तबकडी मोठी वाटली की त्या मापाने चंद्र जवळ वाटतात. पुढच्या हंगामात एका जुन्याजाणत्या निरीक्षकाने कानमंत्र दिला: दिवेलागणीला बघ, आकाश निळसर असतानाच. तेव्हा गुरूचा दिपवणारा झगमगाट कमी होतो आणि तबकडी आपल्या मापात दिसते. त्या वर्षी ७.४ आले.

चूक एवढी महाग का पडली, ते पुढच्या गणितात कळेल.

सातवी पायरी : गणित

गुरूची तुलना पृथ्वीशी करायची आहे, म्हणून गॅनिमीडची तुलना आपल्या चंद्राशी करा. दोन प्रश्न: गॅनिमीड चंद्राच्या किती पट लांब? आणि त्याची फेरी चंद्राच्या फेरीच्या किती पट? पहिल्या उत्तराचा घन करा, दुसऱ्याचा वर्ग करा, घनाला वर्गाने भागा. जे येईल तितक्या पृथ्व्यांएवढा गुरू.

माझं दुसऱ्या वर्षीचं: ७.४ गुणिले १.४३ लाख म्हणजे १०.५८ लाख किलोमीटर. भागिले ३.८४४ लाख, २.७५ पट. घन साधारण २०.९. वेळ: ७.२ भागिले २७.३, म्हणजे ०.२६४ पट. वर्ग ०.०६९६. भागाकार ३००. कागदावर ‘३०० पृथ्व्या’ लिहिलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि खाली वॉचमन कुणाशी तरी भांडत होता.

पहिल्या वर्षीचे साडेसहा व्यास घालून बघा, २०३ येतं. अंतराचा घन होतो, म्हणून अंतरातली दहा टक्के चूक वजनात तीस टक्के होते. वेळेची चूक त्या मानाने स्वस्त.

घन आणि वर्ग कुठून आले? केप्लरने १६१९ मध्ये ग्रहांसाठी हा नियम छापला तो निव्वळ आकडे जुळवून. कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिलं, आणि ते आपल्या दुसऱ्या पायरीतच आहे. आडवा वेग अंतर आणि वेळेवरून ठरतो, त्या वेगाला कक्षेत वळवायला किती पडणं लागेल ते वेगावरून ठरतं, आणि तेवढं पडणं पुरवायला मधे किती वस्तुमान हवं ते अंतराच्या वर्गावरून. तिन्ही एकत्र गुंफलं की घन आणि वर्ग उरतात.

पुस्तकातले बिनचूक आकडे घातले तर गॅनिमीडवरून ३१५ येतं, कॅलिस्टोवरून ३१५, आयोवरूनही ३१५. तीन वेगळे साक्षीदार, जबानी एक. मग पुस्तकात ३१८ का? कारण आपण तुलनेला घेतलेला चंद्र अगदीच हलका नाही. तो पृथ्वीच्या सुमारे एक-एक्याऐंशीवा भाग आहे आणि तोही पृथ्वीला ओढतो. म्हणजे आपलं माप एक पृथ्वी नसून पृथ्वी आणि चंद्र मिळून होतं. तो सव्वा टक्का जोडला की फरक जवळजवळ मिटतो. गॅनिमीड स्वतः बुध ग्रहाहून मोठा आहे, तरी गुरूपुढे तो किस झाड की पत्ती, म्हणून त्याचं वजन हिशेबात धरावं लागत नाही. त्याच्या जागी खडा ठेवला असता तरी फेरी तेवढ्याच दिवसांची झाली असती.

आणि आयो बघाच. तो गुरूपासून ४ लाख २२ हजार किलोमीटरवर आहे, आपला चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजारांवर. अंतर जवळजवळ सारखं. पण चंद्राला फेरीला २७ दिवस लागतात, आयोला साडेबेचाळीस तास. चंद्र सेकंदाला नाण्याच्या जाडीएवढा पडतो, आयो ३५ सेंटिमीटर, शाळेच्या फूटपट्टीपेक्षा जास्त. एवढं पडून गुरूवर आपटू नये म्हणून त्याला सेकंदाला १७ किलोमीटर पळावं लागतं. गुरूचं वजन म्हणजे काय, हे मला ३१८ या आकड्यापेक्षा या पळापळीतून जास्त कळतं.

आठवी पायरी : पंचांग उघडा, मग धूमकेतू

आतापर्यंत कक्षा गोल धरल्या. आडवा वेग त्या अंतराला नेमका लागतो तेवढा असेल तरच कक्षा गोल होते. कमी असला तर वस्तू आत झुकते, पडता पडता वेग घेते, तो जास्तीचा वेग तिला पुन्हा बाहेर फेकतो, बाहेर जाताना ती मंदावते, आणि चक्र पुन्हा सुरू. ही झाली लंबवर्तुळाकार कक्षा. जवळ आलं की धाव, लांब गेलं की रेंगाळ.

पृथ्वीही थोडी अशीच आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. (हो, थंडीत जवळ. ऋतूंचं कारण आसाचा कल आहे, अंतर नाही.) खात्री करायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. दिवस-रात्र सारखे होतात त्या दोन तारखा घ्या आणि २१ मार्च ते २३ सप्टेंबर दिवस मोजा: १८६. तिथून पुन्हा २१ मार्चपर्यंत: १७९. दोन्ही वेळा पृथ्वी अर्धीच प्रदक्षिणा करते, पण हिवाळ्यातली आठवडाभर लवकर उरकते.

पंचांगात हे आणखी ठळक दिसतं. आषाढाच्या सुमारास सूर्य एका राशीतून जायला साडेएकतीस दिवस घेतो, पौषाच्या सुमारास साडेएकोणतीसहून कमी. चांद्रमास २९.५३ दिवसांचा. ज्या चांद्रमासात संक्रांत (सूर्याचा नव्या राशीत प्रवेश) पडत नाही तो अधिक. सूर्य रेंगाळत असताना असा महिना सापडतो, धावत असताना सापडत नाही. म्हणून अधिक श्रावण, अधिक ज्येष्ठ, अधिक आश्विन आपल्या ओळखीचे आहेत, पण अधिक पौष कधी ऐकलाय? जावयाला अनारशांचं वाण कुठल्या महिन्यात मिळणार, हे ठरवण्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळाचा हात आहे.

धूमकेतू म्हणजे हीच गोष्ट टोकाला नेलेली. हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ येतो तेव्हा ८.८ कोटी किलोमीटरवरून, शुक्राच्या कक्षेच्याही आतून, सेकंदाला ५४ किलोमीटर वेगाने वळतो. लांबच्या टोकाला तो नेपच्यूनच्या पलीकडे असतो आणि तिथे त्याचा वेग सेकंदाला एक किलोमीटरसुद्धा नसतो. ९ डिसेंबर २०२३ ला तो त्या टोकावरून वळला आणि आता परतीला लागलाय. सूर्याजवळ पोचेल जुलै २०६१ मध्ये. ‘एवढा जवळ येतो तर सूर्यात पडत का नाही?’ असं मुलं हमखास विचारतात. पडतच असतो. पण त्याच्याकडचा थोडासा आडवा वेग कुणी काढून घेतलेला नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी त्याचा नेम चुकतो.

आपला गुरू इथेही लुडबुड करतो. इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ हॅले याने सांगितलं होतं की हा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. तो येण्याआधी पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी महिनोन्‌महिने हाताने आकडेमोड केली आणि सांगितलं की गुरू आणि शनीच्या ओढीने त्याला ६१८ दिवस उशीर होणार, त्यातले ५१८ दिवस एकट्या गुरूमुळे. धूमकेतू १३ मार्च १७५९ ला सूर्याजवळून गेला, त्यांनी दिलेल्या तारखेच्या महिनाभर आधी. तुमच्या वहीतली चूक याहून मोठी असेल तर लाजू नका, एवढं खपून त्यांचीही चूक झालीच.

कधी कधी गुरू धूमकेतूला आपल्याकडेच ठेवून घेतो. शूमेकर-लेव्ही ९ हा सूर्याऐवजी गुरूभोवती फिरत असताना १९९३ मध्ये सापडला. आदल्या वर्षी गुरूच्या फार जवळून जाताना त्याचे तुकडे झाले होते, कारण जवळच्या बाजूला जास्त आणि लांबच्या बाजूला कमी, अशा ओढीतल्या फरकाने तो फाटला. १६ ते २२ जुलै १९९४ या आठवड्यात ते तुकडे एकामागोमाग एक गुरूवर आदळले, आणि पडलेले काळे डाग लहान दुर्बिणींतूनही दिसले. त्या चंद्रांच्या ओळीत एकेकाळी हाही होता, पण त्याचा आडवा वेग अपुरा पडला.

ढगाळ रात्रीसाठी

गुरू दिसत नसेल त्या रात्री सूर्याचं वजन करा. दुर्बीण लागत नाही. गॅनिमीडच्या जागी पृथ्वी घाला: सूर्यापासून १४.९६ कोटी किलोमीटर, फेरी ३६५.२५ दिवस. चंद्राशी तुलना, घन, वर्ग, भागाकार, सगळं तेच. उत्तर ३ लाख ३० हजारांच्या आसपास यायला हवं. भलतंच काही आलं तर घन करायचा राहिलाय का बघा. माझा राहिला होता.